पातळ, दिव्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड: गेम आणि टायपिंग दोन्हीसाठी घ्यावा का?

बऱ्याच घरांत आता एकच टेबल, एकच कॉम्प्युटर आणि त्याला हात लावणारे तिघे-चौघे असतात. मुलगी टायपिंगच्या परीक्षेचा सराव करते, वडील दुकानाची बिलं टाकतात आणि रात्री धाकटा गेम खेळायला बसतो. जुना कीबोर्ड खराब झाला की मग घरात मागणी येते ती पातळ, रंगीत दिव्यांच्या मेकॅनिकल कीबोर्डची. साध्या कीबोर्डच्या कितीतरी पट किंमत मोजायची, तर तो सगळ्यांच्या कामाचा आहे का, हे आधी बघायला हवं.

जाहिरातीत दिवे, वेग आणि बटण किती कोटी वेळा दाबता येईल याचे आकडे असतात. आमचं म्हणणं असं आहे की, या आकड्यांवरून गेमरचा निर्णय थोडाफार होईल, पण टायपिंग करणाऱ्याचा होणार नाही. त्यातही मराठी किंवा उर्दू टाइप करणाऱ्यासाठी काही गोष्टी वेगळ्याच बघाव्या लागतात आणि त्या खोक्यावर कुठेच छापलेल्या नसतात. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही लॉजिटेक जी९१५ हे मॉडेल समोर ठेवलं आहे. २०१९ मध्ये आलेला हा कीबोर्ड या प्रकारातला सगळ्यात परिचित. अमेरिकेत तो २४९.९९ डॉलरला बाजारात आला होता. तुलनेसाठी कीक्रॉन के३ आणि लॉजिटेकचाच एमएक्स मेकॅनिकल घेतला आहे. तुम्ही दुसरा कुठलाही घेतलात तरी कसोट्या याच लावायच्या.

पातळ म्हणजे नेमकं काय कमी होतं?

साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा पडदा असतो. त्याला मेंब्रेन म्हणतात. बटण पार तळापर्यंत दाबलं की अक्षर उमटतं. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो आणि बटण वाटेत असतानाच अक्षर उमटतं. तळ गाठायची गरज नसते.

नेहमीच्या उंच मेकॅनिकल स्विचमध्ये, उदाहरणार्थ चेरी एमएक्स रेडमध्ये, बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. २०१८ मध्ये चेरी कंपनीने याचा पातळ अवतार आणला. त्यात उंची १८.५ मिलिमीटरवरून ११.९ मिलिमीटरवर आली, एकूण प्रवास ३.२ आणि अक्षर उमटण्याची खोली १.२ मिलिमीटर झाली. जी९१५ मधल्या स्विचचा प्रवास २.७ मिलिमीटर आहे आणि १.५ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. एमएक्स मेकॅनिकलमध्ये हेच आकडे ३.२ आणि १.३ आहेत.

म्हणजे पातळ कीबोर्डमध्ये दोन गोष्टी कमी होतात. एक, टेबलापासूनची उंची. जी९१५ ची जाडी २२ मिलिमीटर आहे, त्यामुळे मनगट फार वर मोडावं लागत नाही आणि वेगळ्या उशीची गरज बहुतेकांना पडत नाही. दोन, चुकून बोट टेकलं तर सावरायला मिळणारी जागा. पहिली गोष्ट सगळ्यांच्या फायद्याची. दुसरी गेमरच्या फायद्याची, पण टायपिंग करणाऱ्याच्या नुकसानीची ठरू शकते.

गेमसाठी काय बघायचं?

गेममध्ये एकच बटण पटापट दाबणं आणि अनेक बटणं एकदम दाबून ठेवणं, ही दोन कामं असतात. पहिल्यासाठी उथळ स्विच चांगला. बोट कमी अंतर जातं, हात कमी थकतो. स्विच सरळ खाली जाणारा, म्हणजे ज्याला लिनियर म्हणतात तसा असेल तर गेमरला तो जास्त आवडतो.

दुसऱ्या कामात साधे कीबोर्ड अडखळतात. स्वस्त कीबोर्डमध्ये काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की चौथं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं, किंवा तिसरं बटण कीबोर्ड घेतच नाही. याला घोस्टिंग म्हणतात. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक स्विचमागे डायोड असतो, त्यामुळे हा प्रकार टळतो. दुकानात तपासायला सोपं आहे: कीबोर्ड तपासण्याची कुठलीही वेबसाइट उघडा, शिफ्ट, डब्ल्यू, डी, स्पेस आणि आर एकदम दाबा. पाचही बटणं पडद्यावर दिसली पाहिजेत.

आता वेगाबद्दल. गेमिंग कीबोर्ड सेकंदाला १००० वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला कॉम्प्युटरला खबर देतो. सेकंदाला १२५ वेळा खबर देणारा साधा कीबोर्ड दर ८ मिलिसेकंदांनी देतो. फरक झाला जास्तीत जास्त ७ मिलिसेकंदांचा. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो नवं चित्रच दर १६.७ मिलिसेकंदांनी दाखवतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळताना सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ याहून कितीतरी जास्त असतो. त्यामुळे मॉनिटर जुना आणि नेट कमजोर असताना फक्त वेगासाठी महागडा कीबोर्ड घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

जोडणीचा प्रकार मात्र जरूर बघा. खेळासाठी वायर किंवा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल हवा. ब्लूटूथ टायपिंगला पुरतं, पण वेगवान खेळात त्यावर भरवसा ठेवता येत नाही. जी९१५ मध्ये डोंगल, ब्लूटूथ आणि वायर तिन्ही आहेत. मूळ के३ मध्ये ब्लूटूथ आणि वायर आहे. डोंगल नंतरच्या के३ मॅक्समध्ये आला. एमएक्स मेकॅनिकलला डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत, पण त्याची वायर फक्त चार्जिंगपुरती. तो मुळात ऑफिसच्या कामासाठी बनवलेला कीबोर्ड आहे.

आणखी एक सूचना. काही नव्या गेमिंग कीबोर्डमध्ये दोन विरुद्ध दिशांची बटणं आपोआप सांभाळणारी सोय असते. काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून अशा सोयीला मनाई केली आहे. वापरताना आढळल्यास खेळाडूला सामन्यातून बाहेर काढलं जातं. या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी मुलगा कुठला गेम खेळतो ते विचारून घ्या.

टायपिंगसाठी काय बघायचं?

टायपिंगमध्ये वेग बटणाच्या खोलीवरून ठरत नाही, चुका किती खोडाव्या लागतात यावरून ठरतो. दीड मिलिमीटरला अक्षर उमटत असेल, तर बटणांवर बोटं टेकवून विचार करायची सवय असलेल्या माणसाच्या हातून नको ती अक्षरं पडतात. सवय व्हायला काही दिवस जातात. कुणाला होते, कुणाला होतच नाही.

म्हणून टायपिंगला टॅक्टाइल प्रकारचा स्विच घ्यावा, असं आमचं मत आहे. यात अक्षर उमटण्याच्या जागी बोटाला हलका खटका जाणवतो. मग जोरात तळापर्यंत मारायची गरज उरत नाही. पातळ स्विचमध्ये तळ लवकर लागतो आणि दोन-तीन तास तळावर बोटं आपटत राहिली तर बोटांची टोकं दुखतात. साध्या कीबोर्डवरून येणाऱ्या प्रत्येकाला ही आपटायची सवय असतेच.

तिसरा प्रकार क्लिकी, म्हणजे टकटक आवाज करणारा. ऐकायला मजा येते, पण एका खोलीत चौघं झोपत असतील तर तो घेऊ नये. फज्रला उठायचं आहे आणि मध्यरात्री शेजारी टकटक चालली आहे, हे कुठल्या घरात चालेल?

मराठी टाइप करणाऱ्यांनी हे आधी वाचा

या कीबोर्डची माहिती शोधाल तर ती बहुतेक इंग्रजी टायपिंग धरून लिहिलेली सापडते. मराठीचा हिशेब वेगळा आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी मिळणारा इनस्क्रिप्ट लेआउट भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाणित केला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. ख, घ, थ, ध, फ, भ ही अक्षरं शिफ्ट दाबून येतात. अ, आ, इ, ई, उ, ए हे पूर्ण स्वरही शिफ्टनेच येतात. क्ष, त्र, ज्ञ, श्र ही आकड्यांच्या ओळीवर, तीही शिफ्टसोबत.

इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्याच्या सुरुवातीला आणि नावाला लागतं. मराठीत ‘आणि’ एवढा साधा शब्द लिहायला ते दोनदा लागतं, एकदा ‘आ’साठी आणि एकदा ‘ण’साठी. ही दोन्ही अक्षरं डाव्या हाताची आहेत, म्हणजे नियमाने शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायचं.

पातळ कीबोर्डची खरी अडचण इथे येते. के३ सारख्या ८४ बटणांच्या छोट्या कीबोर्डमध्ये बाणांची बटणं बसवायला उजवं शिफ्ट आखूड केलेलं असतं. साध्या बटणाच्या पावणेतीन पट रुंदीचं शिफ्ट पावणेदोन पट होतं. करंगळी सवयीने लांब जाते आणि वर जाणाऱ्या बाणावर पडते. कर्सर वरच्या ओळीत उडतो आणि पुढचे शब्द भलत्याच ठिकाणी उमटतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला हा त्रास क्वचित होतो, मराठीवाल्याला ओळीओळीला होऊ शकतो. जी९१५ आणि एमएक्स मेकॅनिकलचं मोठं मॉडेल पूर्ण आकाराचं आहे, त्यात उजवं शिफ्ट नेहमीच्या लांबीचं मिळतं.

उजव्या कडेची बटणंही बघा. इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड, य ही रोजची अक्षरं विरामचिन्हांच्या बटणांवर आहेत आणि ‘डॉक्टर’मधली ॉ उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. काही फार छोट्या कीबोर्डमध्ये यातली बटणं बारीक केलेली किंवा दुसऱ्या जागी हलवलेली असतात. असा कीबोर्ड मराठीला नकोच.

दुकानात कीबोर्ड समोर आला की ही दोन वाक्यं टाइप करून बघा:

आई आणि इकबाल एक ऑगस्टला उर्दू शाळेत आले.

खलीलभाईंच्या घराच्या छतावर झाड थोडं झुकलं.

पहिल्या वाक्यात बहुतेक वेळा उजवं शिफ्ट लागतं, दुसऱ्यात डावं. दोन्ही वाक्यं तीन-तीनदा लिहा. शिफ्ट दाबताना खडखडतं का, कोपऱ्यावर दाबलं तर अडकतं का, बोट बाणावर जातं का, हे पाच मिनिटांत कळेल. उर्दूच्या फोनेटिक लेआउटवर लिहिणाऱ्यांनीही हीच कसोटी लावावी. त्यातही ट, ड, ड़ साठी शिफ्ट लागतं.

दिवे: शोभेचे किती, कामाचे किती?

बटणांखालच्या दिव्यांचा खरा उपयोग एकच: खोलीतला दिवा न लावता अक्षरं दिसणं. घरातले झोपलेले असताना अभ्यास करणाऱ्याला ही सोय मोठी आहे. त्यासाठी मंद पांढरा प्रकाश पुरतो. रंगांची वरात डोळ्यांना त्रासदायक ठरते.

पण उजळतात ती इंग्रजी अक्षरं. मराठी किंवा उर्दू अक्षरांचे स्टिकर लावले तर प्रकाश अडतो आणि ज्या दिव्यांसाठी पैसे मोजले तेच झाकले जातात. पारदर्शक स्टिकर मिळाले तर थोडा प्रकाश येतो, पण सगळीकडून सारखा नाही. मराठी अक्षरं कोरलेले बटणांचे टोप घेऊन बसवू म्हटलं, तर जी९१५ च्या टोपांची खालची पकड नेहमीच्या अधिक चिन्हाच्या आकाराची नाही, म्हणून बाजारातले टोप त्यावर बसत नाहीत. थोडक्यात, मराठी अक्षरं बघून टाइप करणाऱ्याने दिव्यांच्या मोहात पडू नये. न बघता टाइप करणाऱ्याला अक्षर कुठलं छापलंय याने फरक पडत नाही.

दिवे बॅटरीही खातात. जी९१५ पूर्ण प्रकाशात सुमारे ३० तास चालतो, असं कंपनी सांगते. एमएक्स मेकॅनिकलसाठी कंपनीचा दावा दिवे चालू असताना १५ दिवस आणि बंद ठेवल्यास १० महिने असा आहे. जिथे वीज वारंवार जाते, तिथे हा फरक लहान नाही. शिवाय मूळ जी९१५ चं चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबी वायरने होतं. २०२४ च्या जी९१५ एक्समध्ये टाइप-सी आलं.

एकाच कीबोर्डवर दोघं: छोटी पण नेमकी अडचण

विंडोजमध्ये इंग्रजीवरून मराठीवर जायला विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबतात. जी९१५ वर गेम मोडचं वेगळं बटण आहे. ते चालू केलं की विंडोजचं बटण बंद होतं, म्हणजे खेळताना चुकून गेम बाहेर पडत नाही. रात्री खेळणाऱ्याने हा मोड तसाच ठेवला, तर सकाळी सरावाला बसलेल्या बहिणीची भाषाच बदलत नाही आणि कीबोर्ड बिघडला असं वाटतं. उपाय सोपा आहे: गेम मोड बंद करा. घरातल्या सगळ्यांना हे बटण दाखवून ठेवा.

याच मॉडेलच्या डाव्या कडेला पाच जादा बटणांचा उभा पट्टा आहे. गेममध्ये ती कामाची, पण कडा चाचपून कंट्रोल किंवा डावं शिफ्ट शोधणाऱ्याचं बोट सुरुवातीला त्यावरच पडतं. शिवाय हा कीबोर्ड ४७.५ सेंटिमीटर रुंद आहे. छोट्या टेबलावर माउसला जागा उरेल का, हे पट्टीने मोजूनच घ्या. दुकानाच्या बिलांसाठी आकड्यांचा संच हवा असेल, तर ही रुंदी सोसावी लागते. तो नको असेल तर याचाच टीकेएल प्रकार ३६.८ सेंटिमीटरचा आहे.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी काय करावं?

आपल्या अनेक मुली आणि मुलं लिपिक-टंकलेखक पदासाठी मेहनत करतात. त्यासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र मागितलं जातं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा त्यासाठीच दिली जाते. परीक्षा द्यायची असते ती केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर, आणि तिथे बहुधा साधा मेंब्रेन कीबोर्डच पुढ्यात येतो.

सहा महिने १.५ मिलिमीटरच्या हलक्या स्विचवर सराव केलेला हात अचानक जड, खोल बटणांवर गेला तर अर्धवट दाबलेली अक्षरं उमटतच नाहीत. वेग पडतो, चुका वाढतात. म्हणून आमचा स्पष्ट सल्ला: परीक्षा हेच मुख्य कारण असेल तर महागडा पातळ कीबोर्ड घेऊ नका. संस्थेत वापरतात तसाच साधा कीबोर्ड घरी ठेवा. पातळ कीबोर्ड आधीच घरात असेल तर शेवटचा महिनाभर तरी सराव साध्यावरच करा. वाचलेले पैसे परीक्षेच्या फीला आणि सरावाच्या वर्गाला लावलेले बरे.

टिकाऊपणा आणि दुरुस्ती

स्विच कोट्यवधी वेळा दाबता येतो, हा आकडा प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आहे. घरात कीबोर्ड मरतो तो चहा सांडल्याने, धुळीने आणि टोप उपटताना पकड मोडल्याने. स्विच बिघडला की एकदा दाबलेलं अक्षर दोनदा पडू लागतं. जी९१५ चे स्विच बोर्डला डाग देऊन बसवलेले आहेत, त्यामुळे एक बदलायलाही डागकाम येणारा कारागीर लागतो. के३ मध्ये स्विच ओढून काढता येणारा प्रकार मिळतो. तिथे एक स्विच बिघडला तर घरीच बदलता येतो. मात्र ऑप्टिकल प्रकारात ऑप्टिकलच स्विच चालतो, दुसरा नाही.

वॉरंटी भारतातली आहे का, बिलावर मॉडेलचा नंबर आणि दुकानाचा शिक्का आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या वस्तूची वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

मग घ्यावा का?

फक्त गेमसाठी, वेगवान मॉनिटर आणि चांगलं नेट असेल, तर डोंगलवर किंवा वायरवर चालणारा, लिनियर स्विचचा पातळ कीबोर्ड खुशाल घ्या.

गेम आणि टायपिंग दोन्हीसाठी हवा असेल, तर टॅक्टाइल स्विच, पूर्ण लांबीचं उजवं शिफ्ट आणि डोंगल किंवा वायर या तीन अटी सोडू नका. जी९१५ चं टॅक्टाइल मॉडेल या तिन्ही अटींत बसतं, पण त्याची किंमत आणि दुरुस्तीची अडचण मान्य असेल तरच.

फक्त लिखाणासाठी, भाषांतरासाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी हवा असेल, तर एमएक्स मेकॅनिकलसारखा शांत, पांढऱ्या दिव्यांचा कीबोर्ड जास्त उपयोगाचा. घरात मराठी टायपिंग चालत असेल तर ८४ बटणांचा छोटा प्रकार वर दिलेली वाक्यं लिहून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि घरात परीक्षेचा सराव चालू असेल, तर तूर्तास थांबा. प्रमाणपत्र हातात आलं की मग दिव्यांचा शौकही पुरवता येईल.